कोपऱ्यातली भाकर

इंग्रिड, तुझ्या भाचीचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या वर्गावर होतो आणि नेहमीप्रमाणे धडा बाजूला ठेवून भलतीच गोष्ट सांगत होतो. शिपाई धावत आला. "सर, फॉरेनचा फोन आलाय!" सगळा वर्ग माझ्याकडे असा बघायला लागला, जणू तिकडच्या राणीनेच मला जेवायला बोलावलंय. मीही जरा ऐटीतच हेडमास्तरांच्या खोलीत शिरलो.

तुझी भाची फार नीट बोलली. मावशी गेली. झोपेत गेली, स्वतःच्या घरात गेली, त्रास काही झाला नाही. एवढं सांगून ती म्हणाली, "तुम्हाला एक विचारायचं होतं. मावशी रोज जेवण झालं की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एका बशीत पावाचा तुकडा ठेवायची. सकाळी उठली की आधी तोच खायची, काळ्या चहात बुडवून. आम्ही विचारलं तर म्हणायची, हे मी हिंगोलीला शिकले. कशासाठी, ते काही तिने कधी सांगितलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे का?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "त्या सकाळी तो तुकडा तसाच होता."

उघडलेलं तोंड मी मिटलं. हेडमास्तर नंतर स्टाफरूममध्ये सांगत होते, "इतक्या वर्षांत या माणसाला गप्प बसलेलं आज पहिल्यांदा पाहिलं."

तिला तेव्हा जे सांगता आलं नाही ते तुला सांगतोय. त्यातलं निम्मं तू जाणतेस, कारण ते तूच केलंस. उरलेलं निम्मं मला परवा कळलं, आणि ते ऐकायला नेमकी तू नाहीस. तुला मराठी वाचता येत नव्हतं हे खरं. पण तिकडे गेल्यावर माणसाला सगळ्या भाषा समजतात, असं आपल्या पास्टर साहेबांनी एकदा सांगितलं होतं. त्यांचं एवढं तरी खरं निघू दे.

आधी तुझी ओळख तुलाच करून देतो. असं करायला मला आवडतं, आणि आता तू अडवणार नाहीस.

भूकंपानंतरचा दुसरा जानेवारी होता. लातूरकडची गावं एका पहाटे भुईसपाट झाली होती. तिथली काही पोरकी लेकरं एका चर्चने आमच्या भागात आणली, आणि कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, माळावर, त्यांच्यासाठी बालग्राम बांधलं. पाच पक्की घरं, एकेका घरात आठ-दहा लेकरं आणि त्यांना सांभाळणारी एक आई. तुमच्या देशातल्या चर्चची माणसं तीन आठवडे सेवेला येणार होती. भिंती रंगवायच्या, झोके बांधायचे, लेकरांना गाणी शिकवायची. दुभाष्या म्हणून मला बोलावलं. मी ना चर्चचा, ना देवळाचा, मी नाटकाचा. गणपतीत नाटकं बसवणारा इंग्रजीचा मास्तर, एवढीच माझी गावातली कीर्ती.

हिंगोली स्टेशनवर ती छोटी गाडी उशिरानेच आली. तुम्ही सगळे उतरलात ते टोप्यांसकट, औषधांच्या खोक्यांसकट, पाण्याच्या बाटल्यांसकट. तू सगळ्यांत मागून उतरलीस. सगळ्यांत उंच, पन्नाशीची, अंगावर स्वेटर, आणि चेहरा असा की कुणीतरी नुकतंच तुझ्याशी खोटं बोललंय. तिकडे तू एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायचीस, हे मला नंतर कळलं. मी माझं पाठ केलेलं स्वागताचं भाषण सुरू केलं. तू मधेच विचारलंस, "संडास कुठे आहे?" आपली मैत्री तिथे जमली.

'इंग्रिड' हे नाव काही लेकरांच्या तोंडात बसेना. दोन दिवसांत तुझी इंगळी झाली, आणि मग इंगळीमावशी. इंगळी म्हणजे मोठा विंचू, हे मी तुला मुद्दाम सांगितलं. तू चिडशील अशी माझी आशा होती. तू विचारलंस, "डसते का?" मी म्हटलं, "डसते." तू म्हणालीस, "मग ठीक आहे."

मराठी तू शिकलीस ती लेकरांकडून, त्यामुळे तुझ्या मराठीत 'तुम्ही' नव्हतंच. तहसीलदार पाहणीला आले तेव्हा तू स्टूल पुढे सरकवून म्हणालीस, "तू बस. तू चहा पी. तू काहून उभा?" तहसीलदार बसले. चहाही प्याले. ही हकीकत मी पुढे लग्नाच्या पंगतींत सांगायला लागलो तेव्हा तहसीलदाराचा कलेक्टर झाला, स्टुलाची खुर्ची झाली, आणि बंदूकधारी पोलीस आले. पुढच्या जानेवारीत तुझ्या कानावर ते गेलं. "मास्तर, तू तहसीलदाराचा कलेक्टर काहून केला?" मी म्हटलं, "गोष्टीला जरा तूप लावावं लागतं." तू म्हणालीस, "खरं कोरडंच चांगलं." या एका वाक्यावर आपण इतके हिवाळे भांडलो, आणि मी एकदाही जिंकलो नाही.

आता मुक्ता.

सुंदराबाईच्या घरात ती होती. सुंदराबाई जवळच्याच तांड्यावरची. तिची लेकरं तिला तांड्याच्या बोलीत याडी म्हणायची, म्हणजे आई. मुक्ता सात वर्षांची असेल. बोलत नव्हती. आणि स्लॅबखाली झोपत नव्हती. आधी कुठलंच लेकरू झोपायला तयार नव्हतं. मग हळूहळू एकेक आत गेलं. ही मात्र जानेवारीच्या थंडीत अंगणातल्या बाभळीखाली वाकळ पांघरून पडायची, आणि तिच्या शेजारी बाज टाकून सुंदराबाई कुडकुडायची. "माझ्या हाडाचा बरफ करून राहिली ही पोरगी," असं म्हणायची आणि स्वतःची शाल तिच्यावर टाकायची.

तुम्ही येऊन चार-पाच दिवस झाले असतील. जेवणं झाल्यावर मुक्ताने आपल्या ताटलीतली चतकोर भाकर उचलली, सगळ्यांच्या देखत घरात गेली, आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ती ठेवली आणि बाहेर येऊन बाभळीखाली निजली. सकाळी उठून बघायला गेली. भाकर नव्हती. मग रोज तेच. काही दिवसांनी तिची वाकळ बाभळीखालून उंबऱ्यापाशी आली. मग उंबऱ्याच्या आत. मग एका सकाळी ती कोपऱ्याजवळच गाढ झोपलेली सापडली, डोक्यावर स्लॅब, आणि सुंदराबाईने पदर तोंडाला लावला.

"हे काय आहे?" तू विचारलंस.

सुंदराबाई म्हणाली, "घराला घालते ती. तिची माणसं घरानं खाल्ली ना. आता ह्या घराला आधीच घास घालून ठेवते, म्हंजे हे खाणार न्हाई."

मी त्याचं भाषांतर केलं. साधं केलं असतं तरी पुरलं असतं. मी हात पसरून, आवाज उतरवून केलं. तुमच्यातल्या दोघीतिघी रडल्या. मुक्ताला मात्र कुणी विचारलं नाही. ती बोलत नाही, हे एक कारण. दुसरं असं की सुंदराबाईचं उत्तर इतकं देखणं होतं की आम्हाला कुणाला त्याहून वेगळं उत्तर नकोच होतं.

भाकर जात कुठे होती, हे सगळ्या मोठ्या माणसांना ठाऊक होतं. उंदीर. बालग्रामच्या कोठीत ज्वारीची पोती होती आणि उंदीर खाऊन-पिऊन सुखी होते. हे सुख पास्टर साहेबांना बघवेना. बालग्राम त्यांच्याच हाती, आणि साहेब मोठे शिस्तीचे. त्यांनी हिंगोलीच्या बाजारातून पिंजरा आणला, त्यात कांद्याचं भजं टांगलं, आणि दुसऱ्या दिवशी एक जाडजूड उंदीर धरून, पिंजरा हातात उंच करून, पाचही घरांपुढून मिरवणूक काढल्यासारखे फिरले. ओढ्यापलीकडे नेऊन त्यांनी तो सोडला. पुन्हा भजं लावलं, त्याचा भाऊबंद धरला. कोठीच्या फटी सिमेंटने बुजवल्या.

तिसऱ्या सकाळी कोपऱ्यातली भाकर तशीच होती.

मुक्ता तिच्याकडे किती तरी वेळ बघत उभी राहिली. मग वाकळ उचलून बाहेर गेली, बाभळीखालीही थांबली नाही, पार माळाच्या मध्यावर जाऊन बसली. एका लेकराने दुसऱ्याला सांगितलं, "घर जेवलं न्हाई." दुपारपर्यंत सुंदराबाईचं घर रिकामं झालं. संध्याकाळी शेजारचं. महिनोन्महिने आत झोपणारी लेकरं आपापली अंथरुणं डोक्यावर घेऊन ओळीने माळाकडे निघाली. कुणी रडत नव्हतं. मी आयुष्यात भुतांची नाटकं पुष्कळ केली, इंग्रिड, तोंडाला पांढरी पावडर फासून. पण त्या ओळीसारखं काही मी रंगमंचावर पाहिलं नाही. साहेब व्हरांड्यात उभे होते, हातात रिकामा पिंजरा.

तू मला बाजूला घेतलंस. "उंदीर परत आणता येईल?"

आणि मग आपण दोघं उंदीर शोधायला निघालो. ओढ्याच्या काठाने, नाक्यावरच्या ढाब्यांच्या मागून, उकिरड्यांतून. ज्या जिल्ह्यात पोत्यापोत्याला उंदीर आहे तिथे उंदीर मिळावा म्हणून वणवण करणारी दोन माणसं इतिहासात आपणच. परत आलो तेव्हा सुंदराबाई अंगणात भाकरी थापत होती. "काय मास्तर, उंदीर हुडकून राहिले व्हय? शाळेच्या पगारात भागंना का?"

त्या संध्याकाळी तू माळावर जाऊन मुक्ताजवळ बसलीस. काय बोललीस मला माहीत नाही. तुझ्याकडे तेव्हा मराठीचे वीसेक शब्द होते आणि तिच्याकडे एकही नव्हता. पण तिने आणखी एकदा भाकर ठेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात तू उकिडवी बसलेली. समोर काळ्या चहाचा पेला. हातात ती चतकोर, रात्रभर उघड्यावर राहून पत्र्यासारखी झालेली ज्वारीची भाकर. तू तिच्यावरच्या मुंग्या फुंकरीने उडवत होतीस, तुकडा मोडत होतीस, चहात बुडवत होतीस आणि खात होतीस.

"कोंबडीला घाल की," मी कुजबुजलो.

"आमच्या घरी पाव टाकत नाहीत."

"अगं, पण तू कशाला?"

"ती येऊन बघेल, तेव्हा तिला दिसेल की भाकर खाल्ली गेली. ते खरं असलं पाहिजे. मी तिच्याशी खोटं बोलणार नाही."

मला राहवेना. मी म्हटलं, "म्हणजे हे तुमच्या चर्चमधलं प्रभुभोजनच झालं की!" तू तो चहाने ओला झालेला तुकडा माझ्यावर रोखलास. "मास्तर, तू काहून एवढं बोलून राहिला?"

मागून सुंदराबाई आली. तिला हसू आलं नाही. "इंगळी," ती म्हणाली, "दुसऱ्याच्या नावानं ठेवलेला घास खाऊ नये. ज्याच्या नावाचा असतो ते मागं लागतंय." मी हसत हसत तुला अर्थ सांगितला. तूही हसली नाहीस. उरलेला तुकडा तोंडात टाकलास आणि म्हणालीस, "लागू दे."

लेकरं माळावरून परत आली. आधी मुक्ता, मग तिच्या मागे एकेक. तुमचे तीन आठवडे संपले तेव्हा प्रश्न आला, आता खाणार कोण? सुंदराबाईने हात झटकले. "मी न्हाई खायची. माझी तांबडी कोंबडी खाईल. तिच्या मागं लागायचं ते लागू दे." इथे एक सांगितलं पाहिजे: ती कोंबडी अतोनात जगली. तूप न लावता सांगतोय.

पुढे तुमच्या जथ्यातली माणसं बदलत गेली. नवी यायची, भिंती पुन्हा रंगवायची, फोटो काढायची, निघताना रडायची. एकाच भिंतीवर इतके रंग चढले की सुंदराबाई म्हणायची, "खोली आतून लहान होऊन राहिली." तू मात्र दर जानेवारीत तीच. आल्या दिवशी कोंबडीला सुट्टी आणि दुसऱ्या पहाटे तुझा काळा चहा. मुक्ता बोलायला लागली, शाळेत जायला लागली, वर्गात तिसरी-चौथी यायला लागली. मांजर आडवं गेल्यावर थांबणाऱ्या पोरींना हसायला लागली. पण जेवण झालं की कोपऱ्यात चतकोर ठेवायची. त्यात कधी खंड नाही.

मग तो आपला शेवटचा वाद, जो अजून संपलेला नाही. हिंगोली स्टेशनचा बाक. तुझे गुडघे दुखत होते आणि पुन्हा येणं जमेल असं काही तुझ्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. मुक्ता त्या वर्षी दहावीला होती.

"तिला सांग," तू म्हणालीस.

"काय?"

"भाकर मी खात होते. घर खात नव्हतं. घराला भूक नसते. मी इतकी वर्षं त्या पोरीच्या भीतीला खाऊ घालत आले. मला वाटलं होतं मी खोटं बोलत नाही. पण मी न बोलता खोटं बोलले."

"सांगून काय मिळणार? झोपते ना ती छपराखाली? आता ती भीती राहिली नाही, सवय झाली. तुळशीला पाणी घालतो तशी."

"आणि ज्या दिवशी ठेवायला विसरेल, त्या दिवशी?"

 यावर मी नेहमीसारखा भरपूर बोललो. गाडी आली. तुला चढवलं, पिशव्या दिल्या, खिडकीशी चालत चालत सांगितलं की पुढच्या जानेवारीत तूच सांग, तुझ्या तोंडून बरं दिसेल. तू खिडकीतून म्हणालीस, "तू लई बोलतो मास्तर. सांगायचं तेवढं सोडून." गाडी हलली.

पुढच्या जानेवारीत तू आली नाहीस. त्याच्या पुढच्याही नाही. लेकरं मोठी झाली, पांगली, बालग्राम बंद पडलं. सुंदराबाई तांड्यावर परत गेली. त्या घरांत आता कुणाकुणाचं सोयाबीन भरलेलं असतं. उंदीर मुबलक आहेत.

तुझ्या भाचीच्या फोननंतर मी आधी तांड्यावर गेलो. सुंदराबाई आता थकली आहे, दारात बसून असते. मी सांगितलं. तुझ्या घरातल्या त्या बशीबद्दलही सांगितलं, आणि शेवटच्या सकाळी तुकडा तसाच राहिल्याचं. ती बराच वेळ जमिनीवर बोटाने रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "म्हणलं होतं म्या तिला. दुसऱ्याच्या नावाचा घास खाऊ नको म्हणून."

बस, एवढंच. पण इंग्रिड, ते वाक्य माझ्या मागे लागलं. परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारच्या सीटवर बसून होतं. वर्गात फळ्याकडे वळलो की पाठीशी उभं. घास मोडायला लागलो की हात थांबायचा. शिकलेला माणूस मी, पंगतीत भुताच्या गोष्टी सांगून बायाबापड्यांना घाबरवणारा. आणि मला सारखं दिसायचं ते समुद्राकाठच्या तुझ्या घरातलं स्वयंपाकघर, जे मी कधी पाहिलं नाही, आणि त्याच्या कोपऱ्यात ती बशी. तू कुणाचा घास खात होतीस? तो तुझ्याबरोबर विमानात बसून तिकडे गेला का? एका घराची भूक दुसऱ्या घरात जाते का? असले प्रश्न मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकले असते तर त्याची पार टवाळी केली असती.

शेवटी परवा जवळा बाजारला गेलो. मुक्ता आता तिथे असते. अंगणवाडीत मदतनीस आहे, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, कडेवर वर्षाची पोरगी. बाजाराचा दिवस होता, गर्दीतून वाट काढत तिच्या दारात उभा राहिलो. "या मास्तर! असे अचानक? बसा, बसा." मी आत गेलो आणि आधी वर बघितलं. स्लॅब. तिनेही माझ्याबरोबर वर बघितलं आणि हसली.

मी तुझी बातमी सांगितली. ती खाली बसली. पोरीला मांडीवर घेतलं.

"घरातच गेली का मावशी?"

"हो."

"झोपेत?"

"हो."

तिची नजर कोपऱ्याकडे गेली. माझीही. तिथे छोट्या पितळी ताटलीत चतकोर भाकर होती.

मग मी सांगितलं. उंदीर, पिंजरा, काळा चहा, मुंग्या, कोंबडी, स्टेशनवरचा बाक, तुझ्या घरातली बशी आणि तिच्यात तसाच राहिलेला तुकडा. पहिल्यांदा आयुष्यात एक गोष्ट मी हात न हलवता सांगितली. तहसीलदाराचा तहसीलदारच ठेवला. ती ऐकत होती, मधेच एकदा तिने विचारलं, "तांबडी कोंबडी व्हय?" मी म्हटलं, "तांबडी." ती खुदकन हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"म्हणून मावशी म्हणाली, तिला सांग," मी म्हटलं. "घराला भूक नसते. त्याला घालायची गरज नाही."

मुक्ता म्हणाली, "मास्तर, घराला कोण घालून राहिलं होतं?"

"तू."

"असं कोण म्हणलं?"

"सुंदराबाई. म्हणजे... आम्ही सगळेच."

"मला इचारलं का कुणी?"

मी गप्प. महिन्याभरात दुसऱ्यांदा.

"त्या राती गणपती बोळवायला गेलतो आमी," ती सांगायला लागली. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत, खालच्या आवाजात. "घरी आलो तं मला लई भूक लागलती. टोपल्यात एकच भाकर, मायच्या वाटची. म्या मागितली. माय म्हणली, खा गं बाई, मी सकाळी खाईन." तिने पोरीला जवळ ओढलं. "सकाळ झालीच न्हाई. म्हणून मी ठेवायची. सकाळी बघायची, खाल्ली का म्हणून."

इंग्रिड, ज्या सकाळी पास्टर साहेबांचा पिंजरा यशस्वी झाला, त्या सकाळी त्या लेकराला एवढंच वाटलं होतं, की आज माय आली नाही. आम्ही घराच्या भुकेची गोष्ट करत बसलो. मी तर आवाज उतरवून, हात पसरून.

मी तिला सुंदराबाईचं वाक्य सांगितलं.  विचारलंच शेवटी, "मुक्ता, खरंच मागे लागतं का?"

"घाबरलात व्हय मास्तर?" ती म्हणाली. "लागंल कसं? पितरपाटात तुमी कुणाला तरी पित्तर म्हणून पाटावर बसवता का न्हाई? त्या दिशी त्याच्या तोंडानं आपला माणूस जेवतो. त्याला काय व्हतं का? उलट पाया पडतात त्याच्या." मग जरा विचार करून म्हणाली, "बाकी वर्षभर कोंबडी. हिवाळ्यात मावशी. म्हंजे मायनं खाल्लं. चहात बुडवून खायाची म्हणता?"

"काळ्या चहात."

"मायला चहा लई आवडायचा," मुक्ता म्हणाली.

बाहेर बाजाराचा कलकलाट चालू होता. कुणीतरी दारावरून कोथिंबीर ओरडत गेला. मुक्ता उठली, पोरीला माझ्या मांडीवर दिलं. "मावशीचा त्या दिशीचा तसाच राहिला म्हणता ना?" टोपल्यातली एक भाकर काढली, चतकोर मोडली, कोपऱ्यातल्या ताटलीत पहिल्या तुकड्याशेजारी ठेवली.

"सकाळी खाईल," ती म्हणाली.

तर हे तुझं उरलेलं निम्मं. तू कुणाच्या भीतीला खाऊ घालत नव्हतीस, बाई. एका माऊलीची राहून गेलेली न्याहारी तू करत होतीस, मुंग्या झटकून, दर हिवाळ्यात, तिच्या लेकीच्या समाधानासाठी. तू म्हणालीस सांगावं, ते बरोबर निघालं. मी म्हणालो ती भीती नाही, तेही बरोबर निघालं. म्हणजे बरोबरी झाली. इतक्या हिवाळ्यांत पहिल्यांदा मी तुझ्याशी हरलो नाही, आणि ते मिरवायला समोर तू नाहीस. हे मात्र तू बरं केलं नाहीस.

तुझ्या भाचीला उद्या फोन करणार आहे. कोरडं खरं सांगेन. बशी टाकू नको म्हणेन.

आणि एक राहिलं. परवा घरी आलो, जेवलो, आणि बायकोची पाठ वळल्यावर पानातली चतकोर भाकर उचलून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली. का, ते विचारू नकोस. काल सकाळी झाडायला गेलेली बायको ओरडली, "अहो, घरात उंदीर झालेत! येताना पिंजरा आणा." मी जाऊन पाहिलं. भाकर नव्हती. तिथे चहाचा एक थेंब सांडलेला होता, असं मी पुढे लोकांना सांगणार आहे. तुला खरं सांगतो: थेंब नव्हता.

बाजारातून मी साबण आणला, मेथीची जुडी आणली. पिंजरा विसरलो. आजही विसरणार आहे.